सांघिक वृत्ती आणि संयुक्त पंचनामा

नांदेड-लातूरकडील कचेऱ्यांत आणि कारखान्यांत कर्मचाऱ्यांसाठी जी प्रशिक्षण कार्यशाळा भरते, तिचा साचा आता ठरून गेला आहे: बाहेरून पाचारण केलेला वक्ता, कार्यप्रेरणेवर प्रवचन, जेवणापूर्वी एखादा सांघिक खेळ आणि सायंकाळी प्रमाणपत्र. या उपक्रमाची टवाळी करण्याचा हेतू नाही. कारकुनाच्या आयुष्यात कौतुकाचा एक दिवस उगवतो, हेही थोडे नव्हे. परंतु जे कर्मचारी एकाच दालनात वर्षानुवर्षे मांडीला मांडी लावून बसतात, त्यांनाच आपण सहकार्याचे पाठ देतो, आणि ज्यांचे काम एकमेकांवाचून अडते, ते मात्र निरनिराळ्या खात्यांचे असल्यामुळे एका सतरंजीवर सहसा येत नाहीत, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होय.

असे लोक एकत्र शिकले तर काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गाडली गेली, ती मुख्यतः स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचा प्रचंड भार घेतलेले माळवद, अशी ती घरे होती. पुनर्वसन म्हटले की नव्याने वसवलेली गावे आठवतात. मला अधिक बोधप्रद वाटते ती तग धरून राहिलेली घरे दुरुस्त करून मजबूत करण्याची योजना. भिंतीची दोन्ही अंगे सांधणारा आरपार दगड का हवा, हे अभियंत्याला अवगत होते. भेगाळलेल्या भिंतीत तो बसवायचा कसा, हे गवंड्याच्या हाताला ठाऊक होते. आणि ज्या कुटुंबाने अनुदानाचे हप्ते घेऊन साहित्य आपणच आणायचे होते, त्याचा या दोघांवर, किंबहुना दगडावरच, विश्वास उरला नव्हता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून मध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा प्रश्न विचारणारी गृहिणी, उत्तर शोधणारा अभियंता आणि दोघांचे ऐकून हातोडा उचलणारा गवंडी यांचे शिक्षण एकाच भिंतीपाशी होऊ शकले. तेथे प्रेरणेवर व्याख्यान देण्याचे कारण उरत नाही, कारण ज्याला आपल्या कामाचा उपयोग डोळ्यांदेखत दिसतो त्याला ती निराळी पुरवावी लागत नाही.

आपत्तीत माणसे एकत्र येतातच, नित्याच्या कारभारात भूकंप कोठून आणावा, असा आक्षेप यावर येईल. तो अर्धाच खरा आहे. मराठवाड्यात अतिवृष्टी आता नैमित्तिक राहिलेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरात सर्व विभागभर तिने जे केले ते ताजे आहे. पाणी ओसरताच पिकांचा संयुक्त पंचनामा करावयाचा असतो, आणि तो तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक या तिघांनी. (तिघांनाही आता नवी पदनामे मिळाली आहेत, गाव त्यांना जुन्याच नावांनी हाक मारते.) एक महसूल खात्याचा, दुसरा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतला, तिसरा कृषी विभागाचा, तिघांचे वरिष्ठ निराळे, बैठका निराळ्या, प्रशिक्षणेही निराळी. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या आत की बाहेर, यावर शेतकऱ्याची मदत अवलंबून, आणि गावाच्या शिव्या मात्र त्या दिवशी जो समोर सापडेल त्याच्या वाट्याला.

सांघिक वृत्तीची कार्यशाळा घ्यावयाचीच, तर ती ऐन पावसाळ्याआधी, गतसालच्या पंचनाम्यांची दप्तरे पुढ्यात मांडून, या तिघांची घ्यावी. आणि पिके उभी राहिल्यावर पुन्हा सोयाबीनच्या एखाद्या बांधावर. एकच शेत तिघांनी स्वतंत्रपणे पाहून टक्केवारी लिहावी. आकडे जुळणार नाहीत, आणि ते का जुळले नाहीत याची चर्चा शेतकऱ्याच्या समक्ष व्हावी. तिला कटुतेचे गालबोट लागेल, लागू द्यावे. अर्थात, यासाठी जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांच्या सह्यांचे एकच परिपत्रक निघावे लागेल, आणि पहिल्या दिवशी त्या बांधावर हे तिघेही प्रशिक्षणार्थी म्हणून उभे असले पाहिजेत, उद्घाटक म्हणून नव्हे.