अहो, याचा उपयोग काय?

मी हिशेबनीस. करकायद्याचं पुस्तक उघडलं की आमच्याकडे चहा येतो. मराठी विश्वकोश उघडला की भाजीची पिशवी येते. सोबत प्रश्न : "अहो, याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. पण धंद्याचं ज्ञान म्हणजे भाड्याची खोली; अर्थसंकल्प आला की रिकामी करा! मधमाशी नाचून फुलांची दिशा सांगते, हे मात्र कुठलाही अर्थमंत्री बदलू शकत नाही. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड काढला, तो काय कुणाच्या बढतीसाठी?

शिवाय, पुस्तकाला उपयोग विचारणारा हळूहळू माणसांनाही तोच विचारू लागतो. निवृत्तीनंतर आपली पाळी येते. तेव्हा निरुपयोगी म्हाताऱ्याला प्रेमानं सांभाळणारे बहुधा निरुपयोगी पुस्तकं वाचणारेच निघतात.