सही कुठे करू?

जून महिन्यात आमच्या शाळेत प्रवेशासाठी पालकांची रीघ लागते. अर्ज, हमीपत्र, शिष्यवृत्तीचे कागद पुढे ठेवले की बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, "सर, सही कुठे करू?" कागदावर काय लिहिले आहे, हे सहसा कुणी विचारीत नाही. आपण सीमाभागातली माणसे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बँकेत इंग्रजी. पुरत्या न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर भरवशाने सही करणे आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. या सवयीला मी आजवर साधेपणा म्हणत आलो. गेल्या पावसाळ्यापासून मात्र तसे म्हणवत नाही.

आमचे एक निवृत्त सहकारी आहेत. हयातभर संस्कृत शिकवले. कठोपनिषदातला नचिकेता सांगावा तर त्यांनीच. एका सकाळी त्यांना मोबाईलवर फोन आला. पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. चौकशी पुरी होईपर्यंत खोलीबाहेर पडायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही." बोलणे हिंदीत, मधूनमधून इंग्रजी कलमे. गुरुजींनी दाराला आतून कडी घातली आणि पाच तास त्या पडद्यासमोर बसून राहिले. पडताळणीसाठी म्हणून ठेव मोडून चार लाख रुपये सांगितलेल्या खात्यात भरले. जेवणाची वेळ टळली तेव्हा सुनेने दार ठोठावले. आत येताच तिने विचारले, "मामा, कोण हे?" आणि मग पडद्याकडे वळून, "साहेब, ठाणे कुठले तुमचे? मी तिथे फोन करून विचारते." पलीकडून फोन बंद झाला.

ही सून माझी विद्यार्थिनी. फार प्रश्न विचारते म्हणून मी तिला एकदा बाकावर उभे केले होते.

भेटायला गेलो तेव्हा गुरुजी म्हणाले, "अहो, पोलिसाला उलट प्रश्न कसा विचारायचा?" प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारणारा मुलगा ज्यांनी जन्मभर शिकवला, त्यांच्या तोंडचे हे वाक्य. मला हसू आले नाही. मीही वर्गात तेच शिकवले आहे. मोठे सांगतील ते ऐकावे, उलट बोलू नये. चोराने आमच्या अज्ञानाचा फायदा घेतला असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याने आमच्या सद्गुणाचा फायदा घेतला. मग संशय घेणे हा दुर्गुण मानावा की कर्तव्य?

त्यासाठी इंटरनेट म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्याचा व्यवहार टपालासारखा आहे. आपला मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागला जातो, प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, आणि वाटेतली यंत्रे तो पत्ता पाहून पुडके पुढे धाडतात. पाठवणारा सज्जन आहे की भामटा, हे पाहणे त्यांचे काम नव्हे. ते काम घेणाऱ्याचे.

पत्ता वाचण्याचीही रीत आहे. आपण पाकिटावर आधी नाव, मग गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो. संकेतस्थळाच्या नावातही लहानाकडून मोठ्याकडे जायचे असते. म्हणून खरा मालक उजवीकडे, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी असतो. 'तुमचीबँक डॉट बक्षीस डॉट कॉम' असा पत्ता असेल, तर ती जागा बक्षीसवाल्याची. डावीकडे बँकेचे नाव कुणीही लिहू शकतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना आपल्या पत्त्याचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा करायला लावला, तो याच कारणाने. पत्त्याजवळच्या कुलपाच्या चित्राचा अर्थ एवढाच, की पाकीट चिकटवलेले आहे, वाटेत कुणी वाचणार नाही. ते पाकीट चोराच्या घरी जात नाही, याची हमी कुलूप देत नाही.

मुलांच्या सांकेतिक बोलीचेही असेच. १९९० च्या दशकात अनोळखी लोकांच्या गप्पा संगणकावर सुरू झाल्या तेव्हा 'एएसएल' हा प्रश्न आला. वय काय, मुलगा की मुलगी, राहता कुठे? आपल्याकडे एस.टी.त शेजारी बसलेला माणूसही विचारतो, "कुठले तुम्ही? कुणाचे?" पण तो आधी आपले गाव सांगतो, आणि त्याचा चेहरा आपल्यासमोर असतो. पडद्यापलीकडचा चेहरा आणि सांगितलेले वय दोन्ही उसने असू शकतात. म्हणून अशा ठिकाणी शाळा, घर, फोटो न देणे हा उद्धटपणा नव्हे, हे मुलांना आपणच सांगायला हवे.

तरीही सगळ्या जगावर अविश्वास दाखवा, असे मी मुलांना शिकवणार नाही. दारी आलेल्याला पाणी विचारणारी आपली घरे आहेत, ती तशीच राहावीत. अविश्वास वेगळा आणि खातरजमा वेगळी. अविश्वास माणसाला आधीच चोर ठरवतो. खातरजमा त्याला खरे असल्याचे दाखवण्याची संधी देते. खरा अधिकारी ओळख विचारली म्हणून चिडत नाही, आणि "घरी सांगू नका" असे म्हणत नाही. या दोन खुणा मला पुरेशा वाटतात. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही सांगितले. तसेच, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.

गुरुजींचे पैसे गेले ते मात्र केवळ फसल्यामुळे नव्हे. सुनेने फोन तोडला, पण पैसे पाठवल्याचे त्यांनी लाजेपोटी दोन दिवस कुणाला सांगितले नाही. १९३० या क्रमांकावर तक्रार झाली तेव्हा रक्कम पुढे निघून गेली होती. पहिल्या तासाभरात कळवले असते, तर ती खात्यातच अडवली जाण्याची आशा तरी होती. भामट्याचा दुसरा साथीदार आपली लाज असते. तिला घरात थारा नको. चूक कबूल करणाऱ्यावर, मग तो आजोबा असो की नातू, त्या दिवशी कुणी रागावू नये.

या जूनमध्ये एका पालकाने हमीपत्र हातात घेतले आणि विचारले, "सर, यात काय लिहिलंय?" बाहेर रांग होती. क्षणभर कपाळाला आठी पडलीच. मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून त्यांना मराठीत सांगत गेलो. पुरते ऐकून घेतल्यावर त्यांनी सही केली. कुठे करायची, ते विचारावे लागले नाही.