वजनाचा शिक्का
वजनावरून माणूस जोखण्याची खोड दवाखान्यातही असते आणि तिथे राबणाऱ्यांनाही ती सोडत नाही. आहारतज्ज्ञाचा सल्ला ऐकण्याआधी लोक तिचा बांधा न्याहाळतात. रात्रपाळीची एखादी परिचारिका चारचौघींत डबा उघडत नाही. उपाशी राहते, पहाटे एकटीच अधाशासारखी खाते आणि नंतर स्वतःलाच दूषणे देते. खाण्याच्या विकारांतून डॉक्टरही सुटत नाहीत. 'शुद्ध' आहाराच्या अतिध्यासाला १९९७ मध्ये ऑर्थोरेक्सिया हे नाव देणारे अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी तो ध्यास स्वतः भोगला होता. वजन निव्वळ इच्छाशक्तीवर ठरत नाही. आनुवंशिकता, झोप, ताण, औषधे यांचाही त्यात वाटा असतो, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये एकमुखाने मांडले. रुग्णांना हेच समजावणारे स्वतःला मात्र दोषी धरतात, हे फार क्लेशकारक आहे. खाण्याच्या विकारांवर समुपदेशन आणि मानसोपचारांचा उपयोग होतो. पण बदनामीच्या धास्तीने अनेक डॉक्टर या उपचारांपर्यंत पोचतच नाहीत.