पत्त्याच्या पोटातला पत्ता

शब्द वापरणे वेगळे आणि शब्दाचा नुसता उल्लेख करणे वेगळे. हा भेद पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात (1.1.68) करून ठेवला आहे: पारिभाषिक संज्ञा सोडल्या तर व्याकरणात शब्दाचे रूप घ्यायचे, अर्थ नव्हे. ‘अग्नी’चा प्रत्यय शब्दाला लागतो, निखाऱ्याला नाही. वारकरी नामभक्ती नेमकी दुसऱ्या टोकाला उभी आहे. नामदेवांच्या परंपरेत नाम आणि नामी वेगळे नाहीतच.

सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये ‘वापर की उल्लेख’ हा पेच रोजचा आहे. नोडवर चालणाऱ्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये मार्ग लिहिताना कोलनपुढे पॅरामीटरचे नाव दिले, की त्या जागी आलेला मजकूर पुढच्या स्लॅशपर्यंतच उचलला जातो. तिथे अख्खा वेब पत्ता जसाच्या तसा ठेवला, तर त्याच्या पोटातले स्लॅश बाहेरच्या पत्त्याचे होऊन बसतात. मार्ग जुळत नाही आणि 404 पदरी पडतो. प्रश्नचिन्हापुढचे सगळे बाहेरच्या पत्त्याची क्वेरी ठरते. हॅशपुढचे तर ब्राउझर सर्व्हरकडे धाडतच नाही. पत्ता उल्लेखासाठी दिला होता, सर्व्हरने तो वापरला. यात सर्व्हरला बोल लावता येत नाही, कारण लिहिणाऱ्याचा हेतू स्लॅशवर उमटलेला नसतो.

तो उमटवण्यासाठी टक्केचिन्हाची संकेतपद्धत आहे. ‘एन्कोड-यूआरआय-कंपोनंट’ स्लॅशचे %2एफ करते. (नुसते ‘एन्कोड-यूआरआय’ स्लॅशला हातही लावत नाही, घोटाळा बहुतेकदा इथेच होतो.) आरएफसी 3986 या 2005च्या मानकानुसार राखीव चिन्ह आणि त्याचे संकेतरूप समानार्थी नाहीत. एक वापर आहे, दुसरा उल्लेख.

वसईजवळच्या गिरीजचे नाव असलेला पत्ता घ्या. ‘गिरीज’मध्ये मात्रा धरून पाच चिन्हे, म्हणजे यूटीएफ-8मध्ये 15 बाइट, संकेतरूपात 45 अक्षरे. हा पत्ता दुसऱ्या पत्त्यात पॅरामीटर म्हणून घालायचा, तर प्रत्येक टक्केचिन्हाचे %25 होते आणि 45ची 75 होतात. एक्सप्रेस एक पदर स्वतःच सोडवते, हाती पुन्हा 45 येतात आणि तेच बरोबर असते. ‘अजून टक्के दिसतात’ म्हणून दुसऱ्यांदा उलगडले, तर आतल्या पत्त्याने जपलेले उल्लेखही फुटतात. शिवाय ‘गिरिज’ असे ऱ्हस्व लिहिले, तर गावकऱ्याला गाव तेच कळते. सर्व्हरला मात्र तो परका पत्ता. सर्व्हर पक्का पाणिनीय आहे.

वाटेतले मध्यस्थही या भेदाला जपतातच असे नाही. अपाची मूळ मांडणीत %2एफ असलेला मार्ग नाकारते. एनजिन्क्स लागोपाठचे दोन स्लॅश जुळणी करताना एक धरते. मार्गात तारांकन वापरून उरलेले सगळे गोळा करता येते, पण प्रश्नचिन्हाचे दुखणे तसेच राहते. त्यामुळे पत्ता मार्गात कोंबण्यापेक्षा क्वेरीत देणे शहाणपणाचे. तिथे स्लॅश निरुपद्रवी असतो, मात्र अँपरसँड आणि हॅशसाठी संकेतरूप लागतेच.

मिळालेल्या पत्त्यावर सर्व्हर स्वतः जाऊ लागला, की उल्लेखाचा पुन्हा वापर होतो आणि खरा धोका तिथे आहे. कोणी 127.0.0.1 किंवा 169.254.169.254 असा अंतर्गत पत्ता दिला, तर बाहेरच्याला बंद असलेले दार सर्व्हर आतून उघडतो. म्हणून आधी पत्त्याचे भाग सुटे करायचे, एचटीटीपी आणि एचटीटीपीएसखेरीज काही चालू द्यायचे नाही, यजमाननाव कोणत्या आयपीवर पोचते ते तपासायचे. पुढे पत्ता दुसरीकडे वळवला गेला, तर प्रत्येक वळणावर ही तपासणी नव्याने करायची.