टेकायला जागा

भिंतीला भिंत लागून घरं असली म्हणजे शेजार जुळतोच असं नाही. एकच चेहरा रोज दिसू लागतो, काही दिवसांनी नकळत मान हलते, मग कधीतरी ‘काय, आज उशीर?’ एवढं बोलणं होतं, आणि तिथून शेजार सुरू होतो. अशा भेटी ठरवून होत नाहीत. त्या व्हायला घराबाहेर घटकाभर टेकता येईल अशी जागा लागते.

दादरच्या शिवाजी पार्कला अशी जागा लाभली आहे. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं हे मैदान १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणून ओळखलं जातं. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या या मैदानाने क्रिकेटपटू घडवले, सभा गाजवल्या; पण वस्तीतल्या माणसांना एकमेकांशी बांधलं ते त्याच्या कडेच्या बुटक्या कट्ट्याने. तिथे बसायला तिकीट लागत नाही, सभासद व्हावं लागत नाही. मैदानाकडे तोंड केलं की खेळ दिसतो, रस्त्याकडे केलं की येणारे-जाणारे. फेऱ्या मारणाऱ्याला दर फेरीत तीच माणसं पुन्हा दिसतात. ओळख वाढायला आणखी काय लागतं?

सत्तरच्या दशकात विल्यम व्हाइट या अभ्यासकाने न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींपुढच्या मोकळ्या जागांवर कॅमेरे लावले. काही जागा गजबजलेल्या का आणि काही ओस का, हे त्याला शोधायचं होतं. त्याने ऊन तपासलं, आकार तपासला, क्षेत्रफळ मोजलं. सर्वात मोठा फरक पडत होता तो बसायला किती जागा आहे यामुळे. साधारण एक ते तीन फूट उंचीचा कोणताही कठडा लोकांना चालत होता. १९७५ मध्ये त्या शहराने अशा जागांचे नियमच बदलले. त्याच्या काही वर्षं आधी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्डने शेजारसंबंधांची पाहणी केली. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नव्हता. मोठा फरक होता तो दारापुढच्या जागेत.

आपण मात्र मोकळी जागा चौरस फुटांत मोजतो आणि समाधान मानतो. अंगणात गाड्या लागतात, बागेला कुंपण पडतं, हिरवळीवर पाटी येते. ‘टोळकी बसतात’ म्हणून बाकं काढली जातात. ही भीती खोटी नाही, पण उपाय उलटा आहे. बाक गेला की गुडघेदुखीमुळे मध्ये विसावा घेणाऱ्या आजी येईनाशा होतात, मुलांना खेळायला आणणाऱ्या आया येईनाशा होतात. उरते ती कुणाचंच लक्ष नसलेली जागा, आणि तीच खरी असुरक्षित. व्हाइटचंही सांगणं हेच होतं: नकोशा माणसांना दूर ठेवायचं तर जागा इतर सगळ्यांना हवीशी करा.

आज ठिकठिकाणच्या शहरांत जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. रहिवाशांच्या सभेत नकाशा समोर आला की प्रत्येक जण आधी आपला कार्पेट एरिया बघतो. तो बघायलाच हवा. पण त्याच सभेत आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. खाली सावलीत बसायला जागा कुठे आहे? घरी जाता-येता आपण तिच्यावरून जाणार आहोत का? आणि काम करायला येणाऱ्या मावशी, रखवालदार, शेजारच्या इमारतीतली मुलं यांनाही तिथे टेकता येईल का? इमारत एकदा उभी राहिली की पुढची पन्नास वर्षं हे प्रश्न विचारून उपयोग नसतो. घर प्रत्येकाला आपापलं मिळेल. शेजार मात्र सगळ्यांनी मिळून नकाशावरच मागून घ्यावा लागेल.