चेटकिणीला चेहरा कुणाचा?

१९९३ साली राही अनिल बर्वे नावाचा एक शाळकरी मुलगा नागझिऱ्याच्या जंगलात आला होता. तिथे एका मित्राने त्याला एक गोष्ट सांगितली आणि तो विलक्षण घाबरला. गोष्ट भयकथाकार नारायण धारपांची होती. ती भीती त्याच्या मनातून गेलीच नाही. अठराव्या वर्षी त्याने तिच्यावरून पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. पुढे २००९-१० च्या सुमारास सातशे पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला, म्हणजे चित्रपट उभा राहण्याआधी तो चौकटी-चौकटींनी कागदावर उतरवला. पैसा आटला, चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. त्याआधी त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा याच चित्रपटाने उघडला होता. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली.

नागझिरा आमचा आहे, गोंदिया-भंडाऱ्याचा. देवरीत मी ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली, त्याला चित्रपट ठाऊक होता, पण त्याचं बी आपल्याच जिल्ह्याच्या जंगलात रुजलं हे ठाऊक नव्हतं. आणि ते कुणाच्या मनात रुजलं, तर वाचल्या-ऐकल्या गोष्टीने झपाटलेल्या, ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन न पडणाऱ्या एका चाहत्याच्या. आज पोरं ज्याला फॅन आर्ट म्हणतात, त्याची जात हीच. मी त्याला वाचकचित्र म्हणतो.

देवरीत असे वाचक आहेत. रात्रपाळी संपवून आलेली नर्स आहे, तिशी ओलांडलेला शिक्षक आहे, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक वर आणि धारपांची किंवा मतकरींची भयकथा खाली ठेवून बसलेली मुलगी आहे. कुणी इंग्रजीतल्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्या मोबाइलवर वाचतं. ड्रॅगन, शापित राजघराणी, राज्यासाठी होणारी कत्तल आणि प्रेम असं मोठ्यांसाठीच लिहिलेलं ते असतं. सराव चाचणीच्या वहीची मागची पानं उलटली की पेन्सिलीची चित्रं सापडतात. बहुतेक वेळा ती दुमडून ठेवलेली असतात, कारण घरचे म्हणतात, “लग्नाचं वय झालं अन् परीचे चित्र काढून राह्यली.” पुस्तक वाचणाऱ्या माणसाला आपल्या घरात ते लपवावं लागावं, याचं मला मनापासून दुःख होतं. दारू लपवून पिणाऱ्याला गाव सांभाळून घेतं आणि कादंबरी लपवून वाचणाऱ्याला टोमणे मारतं.

अद्भुत हे पोरांसाठी आणि मोठ्यांनी वास्तव वाचावं, ही समजूत आपल्याकडे नेमकी कुठून शिरली? १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. आपल्या रोजच्या जगण्यात मन खेचून घेईल असं फारसं काही नाही, म्हणून अद्भुताकडे जावं लागतं, असं त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणी मांडलं. ती कादंबरी मोठ्यांनीच वाचली. १९१३ च्या ‘वीरधवल’चे लेखक नाथमाधव हे शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले आणि त्यांचे पाय गेले. अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने मराठी वाचकाला भुयारांतून, तटांवरून, रानावनांतून धावायला लावलं. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाच्या गोष्टी हातोहात खपल्या आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रं झळकली. त्या मुखपृष्ठांकडे टक लावून बसणारे सगळे काही चौथीतले नव्हते. गिरणीतून सुटलेला कामगार त्यांत होता, कचेरीतला कारकूनही होता.

युरोपातली एक गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या सुमारास डेन्मार्कच्या एका तिशीतल्या बाईने टोल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलं, भारावून चित्रं काढली आणि ती थेट लेखकाला पाठवून दिली. १९७७ मध्ये लंडनच्या फोलिओ सोसायटीने त्या चित्रांच्या आधाराने ग्रंथाची सचित्र आवृत्ती काढली. चित्रकर्तीचं नाव छापलं होतं इंगाहिल्ड ग्राथमर. ते टोपणनाव होतं. ती बाई म्हणजे मार्गरेथ, १९७२ पासून २०२४ पर्यंत डेन्मार्कची राणी. राज्याचा वारसा अंगावर असताना तिला वाचकचित्रं काढायला सवड सापडली. पण टोपणनाव तिनेही घेतलंच, हे मात्र मला खटकतं.

इथवर बहुतेक सुजाण वाचक माझ्याशी सहमत होतील. खरा आक्षेप पुढे आहे, आणि तो घेणारी माणसं माझी आहेत. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभांना सतरंज्या अंथरल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्याची बातमी आली, त्या दिवशी माझ्या हातून काही काम झालं नाही. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अमक्याने करणी केली, अमकीमुळे गुरं दूध देईनात, असं बोट दाखवून एखाद्याचं जगणं असह्य करणं त्या कायद्याने गुन्हा ठरलं. आमच्या जंगलपट्टीतल्या टोल्याटोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, हा कायदा कुणासाठी लागतो, हे मी पाहिलं आहे. बहुतेकदा ती एकटी, म्हातारी, विधवा बाई असते. मग चळवळीतले सोबती मला विचारतात, ज्या गावात चेटकीण ठरवून बाईला मारहाण होते, तिथे तू चेटकिणीच्या कादंबऱ्या आणि त्यांवरच्या चित्रांची वकिली कशी करतोस?

हा प्रश्न मी टाळणार नाही. तो प्रामाणिक आहे.

आपल्या साहित्यशास्त्रात चित्रतुरगन्याय म्हणून एक दृष्टान्त आहे. शंकुक नावाच्या काश्मिरी आचार्यांचा. भिंतीवर घोड्याचं चित्र आहे. पाहणारा म्हणतो, हा घोडा. तो काही खोटं बोलत नाही, फसलेलाही नसतो, ‘घोडा आहे की नाही’ अशा शंकेतही नसतो. आणि तरी त्या घोड्यापुढे तो दाणा ठेवायला जात नाही. खरं, खोटं, संशय, सारखेपणा या चारही खणांत न बसणारं हे एक वेगळंच ज्ञान आहे, असं शंकुकांचं म्हणणं. नाटकातल्या नटाला राम म्हणताना आपल्याला तेच होतं. आमच्या झाडीपट्टीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री नाटकातल्या खलनायकाला तोंड भरून शिव्या घालणारी बाई पहाटे त्याच नटाला “चहा घेशीन का बाबू?” म्हणून विचारते. रात्रभरात तिची बुद्धी कुठे गहाण पडलेली नसते.

मला भीती वाटते ती ज्याला हा घोडा ओळखता येत नाही त्याची. मांत्रिक आपल्या गिऱ्हाइकाला कधीच म्हणत नाही की ही गोष्ट आहे. त्याचा सगळा धंदा कल्पिताला खरं म्हणून विकण्यावर चालतो. कादंबरीकार मात्र पहिल्या पानावर स्वतःचं नाव छापतो, किंमत छापतो, ही कादंबरी आहे म्हणून सांगतो आणि मग घाबरवतो. जिने रात्री जागून धारपांच्या पुस्तकातल्या आकृतीची नखं काढली, ती लांब दिसेनात म्हणून खोडून पुन्हा काढली, सावली कुठून पडेल याचा विचार केला, ती मुलगी उद्या भगताच्या अंगात आलेलं पाहील तेव्हा तिला त्यातली कारागिरी दिसेल. भीती कशी रचतात, हे तिने हाताने केलं आहे. विज्ञानाचा धडा पाठ करणाऱ्यापेक्षा ती जास्त सावध असेल, असा माझा अनुभव आहे. म्हणून चळवळीतल्या माझ्या मित्रांना मी सांगतो, या वाचकांना परके समजू नका. सभेला बोलवा.

पण चित्र काढणाऱ्यांकडेही माझं मागणं आहे, आणि ते मी आधी स्वतःचा अपराध सांगून मागतो.

विशीत मीही अशीच वही ठेवत असे. एका कादंबरीतली चेटकीण मला काढायची होती. चेहरा जमेना. आमच्या टोल्यावर एक म्हातारी राहायची, एकटी, एक डोळा पांढरा झालेला, गालफडं बसलेली. मी तिचा चेहरा घेतला. हुबेहूब आला. मी खूश होऊन चित्र मित्रांना दाखवलं, मित्रांनी आणखी कुणाला दाखवलं, आणि आठवड्याभरात टोल्यावरची पोरं तिला पाहून पळू लागली. त्याआधी ती त्यांना चारं नि बोरं देत असे. कुणी तिला मारलं नाही. पण एका घरी बारसं होतं, तिथलं बोलावणं तिला आलं नाही. एक दिवस ती विहिरीवर मला भेटली आणि एवढंच म्हणाली, “मले कायले काढलास रे बाबू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कादंबरीत त्या बाईचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. लेखकाने जे मोकळं ठेवलं होतं, तिथे मी एका जिवंत माणसाला बसवलं. चित्रतुरगाचा न्याय मीच मोडला होता. घोडा चित्रात असतो तोवर तो कुणाला लाथ मारत नाही.

तेव्हापासून मी चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, हा चेहरा कुणाचा? राक्षस काळा का, आणि राजकन्या गोरी का? चेटकिणीच्या अंगावर आपल्याच शेजारच्या गोंड बाईचं गोंदण का आलं? मूळ कादंबरीत असलं काही नसतं. ते आपल्या मनात आधीपासून असतं आणि पेन्सिलीतून उतरतं. वाचकचित्राचा मोठा उपयोग हाच आहे की मनातली ही घाण कागदावर दिसते आणि खोडता येते.

कचारगडाबद्दलही हेच. सालेकसा तालुक्यातली ती प्रचंड गुहा पाहून अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचकाचा हात शिवशिवतो, हे मी समजू शकतो. पण माघ पौर्णिमेला तिथे लाखांनी येणाऱ्या कोया पुनेम धर्म मानणाऱ्या गोंडी समाजासाठी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड ही कादंबरीतली पात्रं नाहीत. डॉ. मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकाने या समाजाची भाषा आणि श्रद्धा समजून घेण्यात आयुष्य घातलं. ज्यांचं दैवत आहे त्यांच्यात आधी बसावं, ऐकावं, विचारावं. चित्र मग काढायचं की नाही, हे त्यानंतर कळेल.

आणि नाव. चित्राखाली पुस्तकाचं नाव हवं, लेखकाचं हवं, चित्रकाराचं हवं. धारपांच्या ज्या गोष्टीने ‘तुंबाड’ सुरू झाला, ती ‘आजी’ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली होती, हे आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना कितीतरी उशिरा कळलं. धारपांवर माझं प्रेम आहे, त्यांच्या पुस्तकांनी माझ्या कित्येक पावसाळी रात्री जागवल्या, पण हे नाव वाचकाला आधी मिळायला हवं होतं. आज नाव कापून फिरणारी चित्रं आणि चोरून फिरणाऱ्या पीडीएफ पाहिल्या की तोच हिशेब पुन्हा थकतोय असं वाटतं. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तकं नव्याने छापली आहेत. ती विकत घ्यावीत, नाहीतर वाचनालयाला घ्यायला लावावीत.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, आणि त्यांच्या कपाटांत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची भिंत उभी आहे. ती असू द्यावी, आमच्या भागातल्या पोरांना नोकरी हवीच आहे. पण एक फळी अद्भुताला द्या. आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू होतात, त्या दिवसांत वाचनालयाच्या ओट्यावर एक सुतळी बांधा. चिमट्यांनी चित्रं लावू. नर्सने यावं, शिक्षकाने यावं, अभ्यासिकेतल्या मुलीने दुमडलेलं पान उलगडून आणावं, खाली स्वतःचं खरं नाव लिहून. ज्यांनी टोमणे मारले त्यांनीही यावं आणि हे कुठल्या पुस्तकातलं म्हणून विचारावं.

मी माझं जुनं पान आणीन. त्यावर केस आहेत, नखं आहेत, मागे मोहाचं झाड आहे. चेहऱ्याच्या जागी खोडरबरने कागद पातळ झाला आहे, उजेडात धरला की पलीकडचं दिसतं.