गुपिताचे आयुष्य

इंदूरहून उज्जैनकडे जाताना सांवेर लागते. तेथील उलट्या हनुमंताचे मुख खाली आहे. अहिरावणाच्या वधासाठी मारुतिराय पाताळात उतरले, त्याचेच हे रूप, अशी भाविकांची श्रद्धा. पाताळ अगम्य मानलेले. तरी तेथेही वाट निघालीच. दर्शन घेताना आमच्या वकिली मनात प्रश्न उभा राहिला : जे कुलूप उद्या उघडण्याचा संभव आहे, त्याच्या भरवशावर ‘आपले गुपित सुरक्षित आहे’ असे पक्षकाराला सांगणे सत्यवचन ठरेल काय?

प्रश्नाचे मूळ पुंज-गणकयंत्रात आहे. साध्या यंत्रातील खूण शून्य असते, नाही तर एक. पुंजयंत्रातील ‘क्यूबिट’ मोजण्यापूर्वी दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. मोजताच मात्र एकच उत्तर हाती येते. म्हणून हे यंत्र सारी उत्तरे एकदम वाचून दाखवते, हा समज खोटा. पाण्यावरील लाटा जशा परस्परांना वाढवतात वा मारतात, तशी चुकीची उत्तरे विरावीत व योग्य उत्तराचे बळ वाढावे, अशी रीत रचणे हीच यातील खरी कला. दहा लाख चिठ्ठ्यांतून एक हुडकण्यास सरासरी पाच लाख तपासण्या लागतात, दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकलेल्या लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या रीतीने त्या हजाराच्या आत भागतात. पीटर शोर यांनी तर १९९४ साली प्रचंड संख्येचे अवयव झपाट्याने काढण्याची रीत दिली. आणि प्रचलित गुप्तलेखनातील एक प्रमुख कुलूप त्याच अवघडपणावर उभे आहे.

ते कुलूप फोडण्याइतके समर्थ यंत्र अद्याप झालेले नाही. परंतु बंद पत्रे आज चोरून ठेवणारा उद्यापर्यंत थांबू शकतो.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ पक्षकाराचे गुपित उघड करण्यास वकिलाला मनाई करते, आणि ते बंधन वकिली संपल्यावरही सुटत नाही. कोणी म्हणेल, चोरीचा दोष वकिलावर कसा? खरे आहे, आम्ही भविष्यवेत्ते नव्हे. पण धोका अज्ञात असतो तोवरच अज्ञान ही सबब. नवे यंत्रही फोडू नये अशा हेतूने रचलेल्या गुप्तलेखनाची मानके ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आहेत. आता ‘ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरली नाही.

तेव्हा अनावश्यक कागद साठवू नयेत, कुलपे वेळीच बदलावीत आणि पक्षकाराला अभयाऐवजी वस्तुस्थिती सांगावी. कुलूप अभंग राखणे आमच्या हाती नाही. वचन तोलून देणे मात्र आहे.